मस्टर कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता, नाही तर संपाचा इतिहास यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही यांपैकी कशावरही बोलणार नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत दहा-बारा संगणक आहेत. त्यांना नंबर कोण देतो आणि त्यांना नावाने हाक कशी मारता येते, एवढ्याच लहानशा विषयावर आम्ही बोलणार आहोत. जाणकार मंडळी या दोन कामांना डीएचसीपी आणि डीएनएस म्हणतात. आमचे शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, मोर्चात आणि न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा कोठे चुकलो तर सभेतील तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावे. मात्र शेवटपर्यंत ऐकल्यावाचून हा विषय आपला नव्हे असे कोणी म्हणू नये, एवढीच विनंती.

हा विषय आमच्या मानगुटीवर कसा बसला ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांच्या थकलेल्या देण्याचे प्रकरण सुनावणीला होते. प्रत्येकाची नोकरीची वर्षे, शेवटचा पगार, देणे असलेली रक्कम, असे सारे तक्ते आमच्या कचेरीतील एका संगणकावर तयार होते. सुनावणी अकराला. सकाळी नऊ वाजता छापावयास बसलो, तो निम्म्या संगणकांना तक्त्यांचा संगणक दिसेना आणि ज्यांना तो दिसत होता त्यांना छपाईयंत्र सापडेना. ज्या गृहस्थाने हे सारे जोडून दिले होते तो गावी लग्नाला गेलेला, आणि जोडणीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त त्याच्या डोक्यात. आम्ही हात हलवीत न्यायालयात गेलो. पुढची तारीख दीड महिन्याने मिळाली.

त्या दिवशी पाटण तालुक्यातून एका मयत कामगाराची पत्नी रात्रभर एसटीने प्रवास करून आली होती. ती म्हणाली, “भाऊ, कागद हरवलं का?” आम्ही म्हटले, “नाही बाई, कागद आहेत. पण संगणकात सापडत नाहीत.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग हरवलं आन् गावंना, यात फरक काय हो?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे आम्ही मालकाला विचारीत आलो की, मस्टर कोठे आहे, ते दाखवा, त्याची नक्कल द्या. आणि आमच्या स्वतःच्या घरचे मस्टर कोठे आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्याच रात्री ठरविले की, हे काम स्वतः शिकावयाचे.

आता मुद्द्याकडे वळू. एका घरातले संगणक तारेने किंवा बिनतारी जोडले म्हणजे त्यांचे एक जाळे होते. या जाळ्यात प्रत्येकाला स्वतःचा वेगळा नंबर लागतो. चार आकड्यांमध्ये टिंबे घालून तो लिहितात. सध्या सर्वत्र चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नंबरांपैकी तीन पट्टे खाजगी घरांसाठी १९९६ साली कायमचे राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारा पट्टा आपल्या लहान कचेऱ्यांत नेहमी दिसतो. हे नंबर घराच्या आतच चालतात, बाहेर रस्त्यावर चालत नाहीत. चाळीतल्या खोली नंबरासारखेच ते. सात नंबरची खोली प्रत्येक चाळीत असते, म्हणून काही टपाल चुकत नाही. पण एकाच चाळीत दोन खोल्यांवर सात नंबर लिहिला, तर मात्र पोस्टमनची फजिती होते.

हे नंबर द्यावयाचे कोणी? पूर्वी माणूस प्रत्येक यंत्रापाशी बसून हाताने नंबर लिही. १९८५ साली बूटपी नावाची पद्धत निघाली. तीत यंत्राला नंबर आपोआप मिळे, पण कोणत्या यंत्राला कोणता नंबर हे कोणीतरी आधी यादीत मांडून ठेवावे लागे. १९९३ साली तिच्यावरून डीएचसीपी आली. तिचा आज पायाभूत मानला जाणारा मसुदा राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेला, १९९७ सालचा आहे. या पद्धतीने नवे काय आणले, तर मुदत. नंबर कायमचा द्यावयाचा नाही. ठरावीक काळापुरता द्यावयाचा, आणि मुदत सरली की परत घेऊन दुसऱ्याला द्यावयाचा.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचे वडील आठवले. १९८२ च्या संपापर्यंत ते परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या आधी दरवाज्यावर जाऊन उभे राहावयाचे. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरते काम मिळावयाचे. दिवस संपला की त्या जागेवरचा हक्क संपला. ज्या दुःखाने आमचे लहानपण गेले, तीच रीत यंत्रांच्या बाबतीत मात्र अगदी सोयीची आहे. यंत्राला पोट नाही आणि घरी वाट पाहणारी मुले नाहीत.

दरवाज्यावरचा व्यवहार चार बोलांत होतो. नवे यंत्र आले की ते साऱ्या जाळ्यात ऐकू जाईल असे ओरडते, “येथे नंबर देणारा कोणी आहे का?” नंबर देणारा सर्व्हर म्हणतो, “हा नंबर मोकळा आहे, घेतोस का?” यंत्र पुन्हा सर्वांना ऐकू जाईल असेच म्हणते, “अमक्याने देऊ केलेला नंबर मी घेतो.” आणि सर्व्हर शेवटी म्हणतो, “दिला, इतक्या तासांसाठी.” नंबराबरोबर आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. आपले जाळे कोठपर्यंत, बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता, आणि नावे कोणाला विचारावयाची. मुदत अर्धी संपली की यंत्र त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागते. ती मिळाली नाही तर मुदतीचे सात अष्टमांश संपल्यावर ते पुन्हा सर्वांना ऐकू जाईल असे मागू लागते. आमच्याकडे मुदत १२ तासांची आहे. म्हणजे पहिली मागणी ६ तासांनी आणि दुसरी साडेदहा तासांनी. नंबर देणारा सर्व्हर बंद पडला तरी दिवा गेल्यासारखा सारा कारभार एकदम थांबत नाही, त्याचे कारण हेच. ज्याची मुदत शिल्लक आहे तो चालत राहतो आणि नवा येणारा अडतो. अशा नव्या यंत्राने निरुपाय होऊन स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर घेतलेला दिसला, तर समजावे की त्याच्या हाकेला कोणी ओ दिलेली नाही.

येथे एक धोका आहे, आणि त्याच धोक्याने आमची तारीख घालविली. यंत्राने हाक मारली आणि दोघांनी उत्तर दिले तर काय? बहुधा ज्याचे उत्तर आधी पोहोचले त्याचे ते ऐकते. तुम्ही खरे मुकादम का, असे विचारण्याची सोय या मूळच्या व्यवहारात नाही. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने, भेटीला येणाऱ्या कामगारांच्या फोनला बिनतारी जोडणी मिळावी म्हणून, घरची एक जुनी राउटरची डबी आणून कचेरीच्या तारेला जोडून दिली. त्याचा हेतू चांगला होता. पण त्या डबीच्या पोटात नंबर देणारा दुसरा मुकादम होता, आणि तो निराळ्याच पट्ट्यातले नंबर वाटीत होता. सकाळी ज्या संगणकांना त्याचे उत्तर आधी मिळाले ते त्याच्या टोळीत गेले. तार एकच, खोली एकच, पण घरे दोन झाली.

हे ओळखणे कठीण नाही. विंडोजच्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही आज्ञा दिली की त्याचा नंबर दिसतो आणि तो कोणी दिला तेही दिसते. दोन संगणकांवर दोन निरनिराळे देणारे दिसले की चोर सापडला. अशी डबी वापरावयाचीच असेल तर तिच्यातील नंबर देण्याचे काम आधी बंद करावे, तिला स्वतःला आपल्या पट्ट्यातला एक मोकळा नंबर द्यावा, आणि मगच तिच्या आतल्या जाळ्याच्या भोकात तार लावावी. मोठ्या कचेऱ्यांत असे स्विच वापरतात की जे ठरलेल्या जागेवाचून इतर ठिकाणाहून आलेली नंबरांची देणगी पुढे जाऊच देत नाहीत. आमच्यासारख्या लहान कचेरीत हे काम भिंतीवरच्या पाटीवर भागते. आमची पाटी अशी: “विचारल्याशिवाय तारेला काही जोडू नये.”

चोर सापडला, पण घराची मुळातली मांडणीही सदोष होती. छपाईयंत्राला कोणी एके काळी हाताने नंबर लिहिला होता, आणि तो नेमका वाटपाच्या पट्ट्यातला होता. यंत्र बंद असले की तो नंबर सर्व्हरला मोकळा वाटे आणि एखाद्या पाहुण्याच्या फोनला जाई. मग यंत्र चालू केले की एका नंबराचे दोन धनी. छपाई मधूनमधून का अडते हे वर्षभर कोणालाही कळले नव्हते. आम्ही शाईला दोष देत होतो.

तेव्हा आम्ही नवी मांडणी केली. एक जुना, टाकून दिलेला संगणक घेतला, त्यावर लिनक्स घातले आणि डीएनएसमास्क नावाचा सायमन केली यांनी लिहिलेला मोफत कार्यक्रम बसविला. लहान जाळ्यात नंबर देणे आणि नावे सांगणे ही दोन्ही कामे तो एकटा करतो. त्याची सारी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ती छापून वाचता येते, ही गोष्ट आम्हांला फार आवडली. आमचे नंबर १९२.१६८.१० ने सुरू होतात. बाहेर जाण्याच्या दरवाज्याला म्हणजे राउटरला १. या सर्व्हरला २, आणि तो हाताने लिहिलेला. कारण मस्टर लिहिणाऱ्याला आपला नंबर दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. १० ते ९९ हे कायम मंडळींसाठी राखीव, म्हणजे तक्त्यांचा संगणक, छपाईयंत्र आणि कचेरीतील ठरलेली यंत्रे. १०० ते १९९ बदलीवाल्यांसाठी. राउटरमधले नंबर देण्याचे काम बंद केले. दरवाज्यावर मुकादम एकच.

कायम मंडळींचे नंबरही त्या त्या यंत्रात जाऊन लिहिले नाहीत. प्रत्येक यंत्राच्या जोडणीला कारखान्यातून आलेली एक खूण असते, तिला मॅक पत्ता म्हणतात. अमुक खुणेच्या यंत्राला अमुकच नंबर, अशी एकेक ओळ फाइलीत लिहिली. सारा हिशेब एका जागी राहिला. एक सावधगिरी मात्र हवी. अलीकडचे फोन खाजगीपणासाठी खरी खूण लपवून बनावट खूण दाखवितात. म्हणून फोनला कायम नंबर देण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

आता नावांकडे येतो. आमच्या चाळीत खोली नंबर कोणी विचारीत नसे. तात्यांची खोली कोणती, असे विचारीत. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्राला नंबर लागतो. या दोहोंमध्ये कोणीतरी नावनिशी ठेवणारा पाहिजे. इंटरनेटचा पूर्वज जे अर्पानेट, त्याच्यावर ही नावनिशी एकाच फाइलीत होती. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालील मंडळी ती सांभाळीत. नवे यंत्र आले की त्यांना कळवावयाचे, त्यांनी नोंद करावयाची, आणि बाकीच्यांनी तिची नक्कल उतरवून घ्यावयाची. यंत्रे थोडी होती तोवर हे चालले. ती वाढली तेव्हा एका कचेरीने साऱ्या जगाची नावनिशी ठेवणे अशक्य झाले.

यावर पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस, हा उपाय मांडला. उपायाचे मर्म आम्हां युनियनवाल्यांना चटकन समजेल असे आहे. मध्यवर्ती कचेरीने सगळ्यांची नावे ठेवू नयेत. कोणत्या शाखेची वही कोणाकडे आहे एवढेच सांगावे. प्रत्येक शाखेने आपली वही आपण लिहावी आणि तिच्यासाठी आपणच जबाबदार राहावे. विचारणाऱ्याने वरून खाली विचारीत जावे. मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवावे, म्हणजे तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागत नाही. ते किती काळ धरावे हेही वही ठेवणाराच सांगतो. साऱ्या जगाचा व्यवहार आज या वाटणीवर चालतो.

आमच्या घरची वही आमच्या त्या जुन्या संगणकात आहे. तक्त्यांच्या संगणकाचे नाव ‘दप्तर’, छपाईयंत्राचे ‘छपाई’. यंत्रात ती रोमन लिपीत लिहावी लागली, पण शब्द आमचेच. घराला आडनाव दिले ‘इंटर्नल’. जगाच्या नावनिशीत हे आडनाव कोणालाही विकले जाणार नाही, ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवले, असे आयकॅन या संस्थेने २०२४ साली ठरविले आहे. पुष्कळ जण ‘लोकल’ हे आडनाव लावतात. ते टाळावे, कारण यंत्रे आपापसांत नावे विचारण्याची एक निराळी पद्धत ते वापरते आणि घोटाळा होतो. घरातले नाव विचारले तर आमचा सर्व्हर स्वतः उत्तर देतो आणि तो प्रश्न बाहेर जाऊ देत नाही. बाहेरचे नाव विचारले तर तो बाहेरच्या मोठ्या सर्व्हरला विचारून सांगतो.

येथे आम्ही एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. यंत्रांना नावे सांगणारे दोन पत्ते देता येतात. आम्हांला वाटले, पहिला आपला देऊ आणि अडीअडचणीला दुसरा बाहेरचा देऊ. दुसऱ्याच दिवशी ‘दप्तर’ कधी सापडे, कधी सापडत नसे. कारण दुसरा पत्ता हा पहिला आजारी पडला तरच विचारावयाचा बदलीवाला असतो, असे नाही. यंत्र दोहोंपैकी कोणालाही विचारू शकते. आणि बाहेरच्या सर्व्हरला आमचे ‘दप्तर’ काय माहीत! तो म्हणतो, असे नाव नाही, आणि यंत्र त्यावर विश्वास ठेवते. म्हणून दुसरा पत्ता द्यावयाचा तर तोही आपली वही जाणणाराच द्यावा, नाही तर देऊ नये.

बिघाड कोठे आहे हे पाहण्याचा क्रमही सांगून ठेवतो, कारण घाईत माणूस सगळेच एकदम उपटून टाकतो. आधी आपल्या यंत्राचा नंबर पाहावा. तो आपल्या पट्ट्यातला नसेल तर दोष नंबर देण्यात आहे. नंबर ठीक असेल तर दुसऱ्या यंत्राला नंबराने हाक मारावी. ‘पिंग’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. उत्तर आले नाही तर ते यंत्र चालू आहे का आणि तार नीट आहे का, हे आधी पाहावे. नंबराने ओ मिळते पण नावाने मिळत नाही, असे असेल तर दोष बहुधा नावनिशीत आहे. “इंटरनेट गेले” अशी ओरड झाली की आम्ही आता आधी हे पाहतो, आणि पुष्कळदा इंटरनेट जागच्या जागी असते.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जो नावे सांगतो त्याला कोण काय विचारतो हेही कळते. कोणत्या यंत्रावरून कोणत्या बँकेचे, कोणत्या दवाखान्याचे, कोणत्या पक्षाचे नाव विचारले गेले, हे सर्व त्याच्या हातून जाते. आज्ञा दिली तर आमचा सर्व्हर ते लिहूनही ठेवील. हे लक्षात आले तेव्हा आम्हांला जुना मुकादम आठवला, जो युनियनच्या सभेला कोण जातो याची टिपणे ठेवीत असे. आम्ही हा प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवला. एक जण म्हणाले, “आपलीच माणसे, आपलीच कचेरी, लिहून ठेवले तर बिघडले कोठे?” आम्ही म्हटले, “मालकही हेच म्हणतो.” शेवटी ठराव झाला की, ही नोंद बंद राहील. बिघाड शोधावयास ती चालू करावी लागली तर सर्वांना सांगून करावी आणि काम होताच पुसून टाकावी. तंत्राच्या पुस्तकात ही सूचना ज्या ओळीत आहे तेथे ठरावाची गरज लिहिलेली नाही. ती आपण लिहावयाची असते.

दुसरा ठराव असा की, ही विद्या एकाच्या डोक्यात राहता कामा नये. नंबर, नावे, खुणा, पासवर्ड आणि मांडणीची छापील फाइल अशी एक वही मोहोरबंद पाकिटात कपाटात आहे. बदल झाला की तीत तारीखवार नोंद होते. आम्ही दोघे जण हे काम जाणतो. दुसरी एक तेवीस वर्षांची मुलगी आहे, आणि ती आमच्यापेक्षा चांगले जाणते. वर्षातून एका रविवारी आम्ही तो जुना संगणक मुद्दाम बंद करतो आणि वहीत पाहून राउटरमधला जुना मुकादम कामावर बोलावतो. तोही १०० ते १९९ एवढेच नंबर वाटील, असे त्यात आधीच लिहून ठेवलेले आहे. पहिल्या वेळी या कवायतीला सगळी सकाळ गेली. गेल्या वेळी वीस मिनिटे पुरली.

एखादा म्हणेल, युनियनने माणसांची कामे करावीत. ही यंत्रांची कामे पगार देऊन करून घ्यावीत. पगार जरूर द्यावा, कारागिराला त्याच्या कामाचे दाम मिळालेच पाहिजे. आमच्या त्या गृहस्थालाही आम्ही दोष देत नाही. वही मागितली असती तर त्याने दिली असती. आम्ही मागितलीच नाही. काम दुसऱ्याकडून करून घेणे निराळे आणि आपल्या घराचा हिशेब दुसऱ्याच्या डोक्यात ठेवणे निराळे. आपल्यापैकी कोणी ग्रंथालय चालवीत असेल, कोणी पतपेढी, कोणी शाळा. उद्या सकाळी जाऊन एवढेच विचारा की, आपल्या यंत्रांना नंबर कोण देतो, नावे कोण सांगतो, आणि हे कोठे लिहिलेले आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या दोहोंची उत्तरे फारशी कामाची नाहीत.

दीड महिन्यानंतरच्या तारखेला आम्ही तक्ते घेऊन गेलो. पाटणच्या बाई पुन्हा आल्या होत्या, पुन्हा रात्रभर एसटीने. आम्ही छापलेला कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी त्यावर नवऱ्याचे नाव शोधले आणि त्याच्यापुढे त्याचा तिकीट नंबर वाचला. नाव आणि नंबर, दोन्ही बरोबर होते. त्यांनी कागदाची घडी घालून ती पिशवीत ठेवली आणि विचारले, “आता गावतंय न्हवं?” आम्ही म्हटले, “गावतंय.” पण त्यांचा तो एक हेलपाटा आणि तो दीड महिना आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही, हे येथे सांगितल्यावाचून आमचे भाषण पुरे होत नाही.